मृग, वाहन म्हैस, दिवस चौथा

काका, आज परत रविवार आहे आणि सात वाजून गेले. फोन वाजला नाही. वाजणार नाही हे मला समजतं, मी एवढी येडी नाही. तरी तीन महिने झाले, दर रविवारी पावणेसातला डोळा उघडतो आणि हात उशाशी फोन शोधतो. सहा वर्षं तुम्ही बरोबर सातला फोन केला. "दंडवत" म्हणायचे, मी "जय भीम काका" म्हणायची, आणि मग तुमचा एकच प्रश्न, काय दिसलं? तब्येत नाही, जेवण नाही, अकोल्यात ऊन किती ते नाही. काय दिसलं. आठवडाभरात काहीच दिसलेलं नसलं की मला घरचा अभ्यास न केल्यासारखं व्हायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी कॉलेजमागच्या पडीक जागेत जाऊन एखादी तरी माशी पाहून यायची. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून शनिवारीही मी खोलीतच असते.

तुमच्याशी बोलायचं राहून गेलं ते दोन गोष्टींबद्दल. एक आपलं भांडण, दुसरा माझा अर्ज. भांडण अर्जावरूनच झालं होतं, त्यामुळे एक सांगितलं की दुसरं आलंच. अर्जाचं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून बसलेय लिहायला. बॅगा बांधून झाल्यात, खोली रिकामी दिसते आहे, आणि गॅससुद्धा परत देऊन टाकल्यामुळे सकाळपासून चहा नाही. माझं डोकं कसं झालं असेल ते तुम्हाला ठाऊक.

लोकांना सांगताना मी "आमचे लॅबवाले काका" म्हणते, आणि समोरचा मान हलवतो, म्हणजे बाटल्या धुणारे. बाटल्या तर तुम्ही धुतच होते, अमरावतीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमधे, सारा जन्म. रिद्धपूरकडचे महानुभाव, मुंगी दिसली तरी पाय उचलून पलीकडे टाकणारे, आणि नोकरी लागली ती बेडूक कापायच्या खोलीत! तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी ट्रेमधे बेडूक लावून द्यायचं काम आलं तेव्हा तुम्ही सरळ साहेबांना म्हणाले, पाहिजे तर संडास धुतो, पण हे मी करत नाही. मग ते दुसरा शिपाई करायचा आणि त्याच्या वाटच्या सगळ्या काचा तुम्ही पुसायचे. पुढे ते कापणं बंद झालं त्या दिवशी तुम्ही अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. लोकांना वाटलं, नातू झाला.

मी सेकंड इयरला होते. भातकुलीहून रोज ये-जा करणारी, शेवटच्या बाकावरची, फटकळ तोंडाची. म्युझियमच्या कपाटाच्या कुलपात एक दिवस किल्ली जाईना. भोकात हिरव्या पानांचे गोल गोल तुकडे ठासून भरलेले. ऑफिसचा माणूस हातोडी घेऊन आला, तर तुम्ही कुलपावर हात ठेवून उभे राहिले. मग एका कागदावर लिहून तो कपाटाला चिकटवला. "आत लेकरं आहेत. कुलूप उघडू नये." प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर, नमुने सगळे कपाटात, विभागप्रमुख लालबुंद. तुम्ही हात काढला नाही. शेवटी परीक्षा भिंतीवरच्या तक्त्यांवर उरकली.

महिना उलटला असेल. तुम्ही मला वर्गातून हाक मारून नेलं. कुलपातून एक माशी अंग झाडत बाहेर येत होती, मधमाशीएवढीही नाही, पोटाखाली पिवळी लव. "हे कात्रीवाली," तुम्ही म्हणाले. "इची माय इले पाहाले नाई थांबली. खायचं ठेवलं, दार लावलं अन् गेली." मला तोवर माशी म्हणजे पोळं, राणी आणि मध एवढंच ठाऊक होतं. एकटी राहणारी रानमाशी असते, तिला ना राणी ना प्रजा, सगळं घर एकटीनं बांधायचं, हे मला कोणत्या पुस्तकानं नाही, तुम्ही शिकवलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते फिरलंच. आई अजून म्हणते, पोट्टी चांगली बँकेच्या परीक्षा देणार होती.

एम.एस्सी. झाली, तुम्ही रिटायर होऊन गावी गेले, मला अकोल्यात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. दर वर्षी जून-जुलैत नवा आदेश येईल की नाही याची वाट पाहायची, एवढीच त्या नोकरीची खात्री. आणि महिन्यातल्या एका रविवारी अमरावती, तिथून तुमचं गाव. तुमच्या वावराच्या धुऱ्यावर, त्या बांधावरच्या बोरी-बाभळीच्या सावलीत आपण दोघं जे करत होतो त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. संशोधन म्हणावं तर कोणी सांगितलेलं नव्हतं. छंद म्हणावं तर मी त्यासाठी लग्नाची दोन स्थळं घालवली.

तुमचा नियम एकच, मेलेली असली तरच उचलायची. कोळ्याच्या जाळ्यात, पाण्याच्या हौदात, ठिबकच्या नळीच्या तोंडाशी, कोहळ्याच्या फुलात मिटून गेलेली. ती माचिसच्या डबीत कापसावर ठेवायची, बाजूला डांबरगोळीचा तुकडा, वर चिठ्ठी. सहा वर्षांत दीडशेच्या आसपास डब्या झाल्या. जाळी घेऊन फिरणारे लोक तेवढ्या एका सकाळी गोळा करतात, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि तुमची ती सवय! माशी मरायला टेकलेली दिसली की तुम्ही आधी चिठ्ठी लिहायचे. मेल्यावर हात कापतो म्हणायचे. मग बोटावर गुळाच्या पाण्याचा थेंब घेऊन तिच्यासमोर धरून बसायचे. मी म्हणायची, काका, जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला काढता तुम्ही. एकदा तुरीखाली एक निळ्या पट्ट्यांची पडली होती, एक पाय हलत होता फक्त. चारची एसटी गाठली नाही तर अकोल्याची पुढची गाडी चुकणार, हे तुम्हाला माहीत. मी घड्याळ पाहतेय आणि तुम्ही बोट धरून बसलेले. सव्वाचारला ती उठली, पंख थरथरवले, तुमच्या नखावरून उडून गेली. तुम्ही चिठ्ठी फाडली, रिकामी डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "चाल, तुले बसस्टॉपवर सोडतो." बस केव्हाच गेली होती. मी चिडलेही होते आणि खूशही होते. त्या दिवशी काकूंच्या हातचा झुणका खाऊन मी तिथेच राहिले, आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन तासिका बुडाल्या.

आता त्या चिठ्ठ्यांचं.

मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं असेल की नमुन्यावर तीन गोष्टी पाहिजेत, कुठे, केव्हा आणि कोणी. कुठे हे तुम्ही सुरेख लिहायचे. "धुरा, दुसऱ्या बाभळीखाली." कोणी हे कधीच लिहिलं नाही. म्हणायचे, म्या काय केलं, थे तर मरून पडली होती. आणि केव्हाच्या जागी तुमचं ते, "मृग, वाहन म्हैस, दिवस चौथा." पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला त्या त्या सालचं एक वाहन असतं, म्हैस, बेडूक, कोल्हा, मोर, गाढव. ते कॅलेंडरात छापून येतं आणि गावोगाव लोक त्यावरून पाऊस कसा पडेल ते ताडतात. आमच्या घरी पंचांगाला थाराच नव्हता. माझ्या बाबांनी जन्मभर मुहूर्त, राशी, नक्षत्रं यांची टिंगल केली आणि मी त्यांची लेक. तुम्हाला मी म्हटलंही होतं, काका, तुमच्या पंथात तर नवस-सायास चालत नाहीत, मग हे म्हैस-गाढव कशाला? तुम्ही शांतपणे म्हणाले होते की देवासाठी नाही पाहत, पाण्यासाठी पाहतो. मला ते हसण्यावारी न्यायला सोपं गेलं.

उन्हाळ्यात ती जाहिरात आली. दक्षिणेतल्या एका संस्थेत रानमाश्यांवर पीएच.डी., पाच वर्षं फेलोशिप, राहायला होस्टेल. वयाच्या अटीत मी याच वर्षापुरती बसत होते. पुढल्या वर्षी नाही. अर्जात एक पान होतं, तुम्ही स्वतः आजवर काय काम केलं आहे? बाकीच्या पोरापोरींकडे मोठ्या लॅबमधल्या ट्रेनिंगची प्रमाणपत्रं असणार, छापून आलेले लेख असणार. माझ्याकडे काय, तर दीडशे माचिसच्या डब्या. त्यांवर साल असतं तर सहा वर्षांत धुऱ्यावर कोण कधी आलं आणि कोण येईनासं झालं, याची नोंद झाली असती. साल नाही म्हटल्यावर तो नुसता मेलेल्या माश्यांचा ढीग.

ऑगस्टातल्या त्या रविवारी मी पुढं काय काम करीन त्याचा प्रस्ताव छापून घेऊन आले. तुम्हाला वाचून दाखवत होते, इंग्रजीचं मराठी करत. वावरात पिवळे वाडगे ठेवायचे, त्यात साबणाचं पाणी. माशी फूल समजून उतरते आणि बुडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात ठरते. तुम्ही तोवर शेंगा फोडत होते. हात थांबला.

"फूल समजून येते थे," तुम्ही म्हणाले. "मारणं एक बार समजते मले. फसवून मारणं नाई समजत."

मी समजावलं. नाव कळल्याशिवाय वाचवता येत नाही. पंखांच्या शिरा मोजल्याशिवाय नाव कळत नाही. फवारणीत एका सकाळी जेवढ्या मरतात तेवढ्या मी जन्मात मारणार नाही. तुम्ही विचारलं, थे मारतात म्हणून तू बी मारशीन काय? अडले की मी काय करते ते तुम्ही अकरा वर्षं पाहिलं आहे. मी तोंड सोडलं.

"सहा वर्षं घातली काका, अन् एका डबीवर साल नाही. म्हशी अन् गाढवं लिहून ठेवली. हे काम नाही, हा पोरखेळ आहे."

काकू आतून बाहेर आल्या. तुम्ही शेंगांचं सूप बाजूला सारलं. "साल लिवलं हाय," एवढंच म्हणाले. "पाहून घेजो."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. पाणीही न पिता मी निघाले. तुम्ही बसस्टॉपपर्यंत आले, चार पावलं मागं राहून, आणि बस सुटेस्तोवर तिथंच उभे होते. मी खिडकीतून पाहिलं नाही. मला माहीत होतं तुम्ही उभे आहात, म्हणूनच नाही पाहिलं.

त्यानंतरचे चार रविवार फोन आला नाही. मीही केला नाही. पाचव्या रविवारी सातला मी फोन हातात घेऊन बसले होते, आज तरी करतात का पाहू म्हणून. नंबर काढला, परत ठेवला. मी काहून करू? मोठे आहेत, त्यांनी करावा. साडेआठला तुमचं नाव झळकलं. आणि काका, मी मुद्दाम तो वाजू दिला. वाजून वाजून बंद पडला. म्हटलं, पाहू द्या थोडी वाट. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा सावकाश उचलला आणि मोठ्या तोऱ्यात "हं, बोला" म्हटलं.

पलीकडे काकू होत्या. सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घेऊन तुम्ही भिंतीला टेकून बसले, ते तसेच.

बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी तासभर अडकली. मी पोहोचेपर्यंत तुम्हाला नेलं होतं. अंगणात खुर्च्या होत्या आणि कोणाला काही विचारावं असं कोणी नव्हतं. मी कोण लागते हेही सांगता येईना. एका बाईनं विचारलं, तर मी म्हटलं, कॉलेजची.

नवव्या दिवशी परत गेले ते काकूंना भेटायला. अर्जाची मुदत पाच दिवसांवर होती आणि तो भरायचा नाही असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. काकू स्वयंपाकघरात होत्या. सोयाबीन काढायला आलं होतं, हस्ताचं पाणी यायच्या आत ते घरात पडायला पाहिजे, म्हणून त्या ओट्यावरच्या खिळ्याचं कॅलेंडर पाहत होत्या. हस्त कधी लागते आणि वाहन काय. या साली मोर निघाला. "मागच्या साली बेडूक होता," काकू म्हणाल्या, "तव्हा गंज पाणी पडलं." आणि मला दाखवायला त्यांनी वरचं कॅलेंडर उचललं. खाली मागच्या सालचं होतं. त्याखाली त्याच्या मागचं. तुमच्या घरी जुनं काढत नाहीत, त्यावरच नवं टांगतात. सहा सालं एका खिळ्याला.

मी एकेक कॅलेंडर उचलून पाहत गेले. हस्ताला या साली मोर, मागच्या साली बेडूक, त्याआधी उंदीर. नक्षत्र आणि वाहन मिळून साल सांगत होती, दिवस तर तुम्ही लिहिलेलाच होता. साल लिवलं हाय, पाहून घेजो. तुम्ही अगदी सरळ सांगितलं होतं. एवढी शिकलेली मी, आणि माझ्या बाबांच्या घरात जे कधी पाहिलं नाही त्यात काही ज्ञान असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांचं चुकलं असं नाही म्हणत मी. गाढवावरून पाऊस कळतो हे मला आजही पटत नाही. पण साल कळतं, काका. साल कळतं.

दोन दिवस काकू आणि मी स्वयंपाकघरात बसलो. पत्र्याच्या पेटीतून मी एकेक डबी काढून वाचायची, काकू कॅलेंडरांवर बोट फिरवत शोधायच्या. "आर्द्रा, कोल्हा." काकू म्हणायच्या, हा घे कोल्हा. दोन सालांत एकच वाहन निघालं की आम्ही अडायचो. मग काकू डोळे मिटून बसायच्या आणि म्हणायच्या, ही दुसरी बाभूळ म्हणते म्हणजे पहिली पडल्याच्या आधीचं, की नंतरचं? काही डब्या तशाही सुटल्या नाहीत. हिवाळ्यातल्यांना तर वाहनच नव्हतं, त्यांच्यावर तुमचं "संक्रांतीच्या अगोदर" असलं काहीतरी. त्या मी बाजूला ठेवल्या, उगाच साल चिकटवलं नाही. तुम्ही असते तर हेच म्हणाले असते. मधेच काकूंना रडू फुटायचं, मग मला. मग पुढची डबी.

अर्ज भरला, मुदतीच्या आदल्या दिवशी. आजवरच्या कामाच्या पानावर सगळं लिहिलं, सहा वर्षं, एक धुरा, एकही माशी न मारता. गोळा करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलं. तुमची परवानगी घेतली नाही. प्रत्येक डबीवरही घातलं आहे, बारीक अक्षरात, "गोविंदकाका". काय रागवायचं ते रागवा.

नोव्हेंबरात मुलाखत झाली, याच खोलीत, लॅपटॉपवर. पंखा बंद ठेवला, आवाज येतो म्हणून. घामाच्या धारा लागल्या होत्या. पडद्यावर तिघं जण. एका सरांनी तारखांबद्दल विचारलं. मी नक्षत्र आणि वाहन समजावलं, खिळ्यावरची कॅलेंडरं सांगितली. मला वाटलं, आता हसतील. हसले पण. पण मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ज्या डब्या सुटल्या नाहीत त्यांचं काय केलं ते विचारलं. ते मी सांगितल्यावर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग मधल्या मॅडमनी विचारलं, इथे नमुने मारावे लागतील, तुम्हाला चालेल?

"चालेल," मी म्हटलं.

मग सहा वर्षं का मारल्या नाहीत?

"माझ्यासोबत जे होते, त्यांना चालत नव्हतं."

काका, मी हो म्हटलं. ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे सगळं लिहितेय. तुमचं म्हणणं मला पटलं आणि मी सुधारले, असं मला तुमच्याशी खोटं बोलता येणार नाही. मी वाडगे ठेवीन. माश्या फूल समजून येतील. आपलं भांडण जिथं होतं तिथंच आहे, फक्त आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. रोज बोलते. आणि त्यात तुम्हीच जिंकता, हे मला खपत नाही.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर होते. उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभी राहून तीनदा वाचला. मग फोन काढला आणि बोट तुमच्या नावावर गेलं. आईला फोन केला, तिनं विचारलं होस्टेलमधे जेवण आहे ना. कॉलेजात सांगितलं, तर म्हणाले अरे वा, मॅडम, माश्यांवर? चांगलं आहे. सगळे चांगलंच बोलले. एवढी चांगली बातमी आणि ती कोणाला सांगून उपयोग नाही, असं मला यापूर्वी कधी झालं नव्हतं. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून झोपले. भरदुपारी.

काल काकूंचा निरोप घ्यायला गेले होते. तूर फुलावर आहे. धुऱ्यावर निळ्या पट्ट्यांच्या खूप दिसल्या, पण मी फार वेळ थांबले नाही. एकटीला तिथं बसवेना. काकू आता बऱ्या आहेत, नातवाला कॅलेंडर वाचायला शिकवतात. निघताना त्यांनी फडताळातून तुमचा पांढरा सदरा काढला, शेवटच्या शनिवारी घातलेला. अजून धुतलेला नाही. त्याच्या खिशातून एक माचिसची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, तुझं नाव हाय यावर. इतके दिवस देववत नव्हती.

चिठ्ठी तुमच्याच अक्षरात होती. नक्षत्र नाही, वाहन नाही. त्याच शनिवारचा दिवस, महिना, साल, तिन्ही आकड्यांत, मी सांगत होते तसं. खाली "तिळाचं वावर, पूर्वेचा कोपरा." आणि तिसऱ्या ओळीत, जी तुम्ही सहा वर्षांत एकदाही लिहिली नाही, तिथं "प्रज्ञा".

डबी उघडली. आत कापूस होता, मधोमध थोडा दबलेला. माशी नव्हती.

काकूंना वाटलं पडली असेल. त्यांनी खिसा उलटा करून झटकला. मी म्हटलं, काकू, राहू द्या. मला माहीत होतं. तुम्ही सवयीनं आधी चिठ्ठी लिहिली, गुळाचं पाणी पाजलं, बोट धरून बसले आणि ती उडाली. एरवी तुम्ही चिठ्ठी फाडून टाकली असती. ही फाडली नाही. खिशात ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. सातला तुम्ही फोन करणार होते, आणि या वेळी काय दिसलं ते तुम्ही मला सांगणार होते.

मी पहिल्याच रिंगला उचलला असता, काका.